परदेशी पाहुण्यांना पाड्यावर न्यायचंय? आधी शिकवणाऱ्या बायांना विचारा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही ऐरोलीतल्या एका कंपनीत काम करता. नोव्हेंबरात तीन देशांतून चौदा जण येणार आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणी आपापल्या देशात ग्रामविकासाचंच काम करतात. त्यांना शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या आदिवासी बायांकडून शिकायचंय: गट कसे चालवता, वनहक्क कसे मिळवलेत, पंचायतीत कशा उभ्या राहिलात. तुमच्या हाताशी एक दिवस आहे. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "हे प्राणिसंग्रहालय बघायला गेल्यासारखं व्हायला नको, पण मग नेमकं काय करू?"

हे शेवटचं वाक्य वाचून मी सविस्तर लिहायला बसले. गेली पंचवीस वर्षं मी या दोन तालुक्यांतल्या पाड्यांवर बचत गट आणि वनहक्काच्या कामात आहे. बाहेरून कोणी आलं की दुभाषाचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं.

एवढ्या भेटींत एक गोष्ट मी पुन्हापुन्हा पाहिली आहे. पाहुणे खुर्च्यांवर आणि बाया खाली, अशी बैठक बसली की कोणी काही शिकत नाही. खुर्च्या बायाच आणतात, शाळेतून नाहीतर पंचायतीतून, डोक्यावर घेऊन. पाहुणा जमिनीवर बसला तर त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. पण समोर खुर्ची आली की बाई हात जोडते आणि मागण्या सांगायला लागते: रस्ता नाही, मोरी फुटलीय, टँकर येत नाही. खुर्चीवरच्या माणसाशी बोलायची तिला तीच सवय लागलेली आहे. तलाठी, फॉरेस्टवाले, बँकेचे साहेब, सगळे तिला खुर्चीवरच भेटले. मग शिकवणं बाजूला राहतं आणि अर्ज सुरू होतो. बस कुठे थांबवायची आणि जेवण कुठे द्यायचं हे कोणीही ठरवू शकेल. "आज शिक्षिका मी आहे" हे त्या बाईला आधीपासून माहीत असायला हवं. तुमची खरी अडचण तिथं आहे.

अशी उदाहरणं आपल्याकडे आहेत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये गावांच्या आरोग्याचं काम सुरू केलं. तिथल्या गावोगावच्या आरोग्यसेविका, ज्यांतल्या कित्येक जणी शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या, पुढे परदेशी डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना शिकवायला लागल्या. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या आज्या येऊन सौरदिवे जोडायला शिकल्या. भाषा एक नव्हती, म्हणून तारांचे रंग आणि हातांच्या खुणा यांवरच शिकवणं चाललं. दोन्हीकडे शिकणारा शिकणाऱ्यासारखा बसला, आणि हाताला काम होतं. तुमचा एक दिवसही असाच आखता येईल. मात्र काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते.

पहिली गोष्ट, कोणत्या पाड्यावर जाणार? "आदिवासी बाई" अशी एकच कोणी नसते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके राहिले. त्यातला शहापूर पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाड आणि भिवंडीतली काही गावं आहेत. ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी, वारली, कातकरी या सगळ्यांची बोली, देव, जमिनीशी नातं वेगळं. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष दुर्बल गटात मोडतात त्यांतली कातकरी ही एक, बाकीच्या कोलाम आणि माडिया गोंड. ठाकूर किंवा महादेव कोळ्यांच्या गावात थोडी का होईना भातशेती असते. कातकरी वाडीत कित्येक घरांना घराखालच्या जागेपलीकडे काही नसतं.

यावरूनच हंगामाचा प्रश्न येतो, आणि तुमचा नोव्हेंबर इथं अडतो. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं बयाणा घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, आणखी लांबही. वाडीत म्हातारी माणसं आणि कुलपं उरतात. मे अखेर, पावसाच्या तोंडावर ती परततात. ज्या बाईकडून शिकायचं ती तेव्हा भट्टीवर विटा थापत असेल. ठाकुरांच्या गावात नोव्हेंबरात भाताची झोडणी चालू असते. त्या दिवसांत अर्धा दिवस मागणं म्हणजे खळ्यावरचं धान्य उघड्यावर ठेवायला सांगणं. जुलैत आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस असतात, तेव्हाही तेच. मला विचाराल तर आवणी उरकल्यावर ऑगस्ट अखेर ते सप्टेंबर, किंवा मग जानेवारी-फेब्रुवारी, जेव्हा भाताच्या ओलीवर वाल उभा असतो आणि बायांना दुपारी थोडी उसंत असते. नोव्हेंबर बदलता येणार नसेल तर कातकरी वाडीचा विचार सोडा, ठाकूर गावात जा आणि खळ्यावरच जा. पाहुण्यांनी सकाळी दोन तास पेंढ्या झोडाव्यात, बोलणं त्यानंतर.

दुसरं, चौदा जण एका पाड्यावर नेऊ नका. तीस घरांच्या पाड्यात चौदा परके शिरले की शेजारच्या पाड्यातली पोरंही गोळा होतात आणि त्याची जत्रा होते. सहा-सात जणांचे दोन गट करा आणि दोन वेगळ्या गावांत न्या. मोठी बस नकोच. ठाण्याहून कसारा लोकलनं आसनगावला उतरायचं आणि पुढे जीपनं जायचं. पाड्यावरच्या बाया दवाखान्याला आणि बाजाराला ज्या वाटेनं येतात-जातात तीच ही वाट आहे. पाहुण्यांच्या शिकण्यात ती धरा.

आता विषय. तुमच्या यादीत बचत गट, वनहक्क, पंचायत, आरोग्य, वारली चित्रं सगळंच आहे. एका दिवसात एवढं सगळं घेतलं तर काहीच नीट होणार नाही. एकच विषय घ्या, आणि तो बायांना निवडू द्या. "आम्हाला तुमच्याकडून काय शिकता येईल?" असं तिथं जाऊन विचारा. उत्तर पटकन मिळणार नाही. पहिल्यांदा "आमच्याकडे काय शिकायचं, आम्ही अडाणी" असंच ऐकू येईल. थांबा, दुसऱ्या खेपेला परत विचारा.

असं विचारल्यावर काय निघतं त्याचं उदाहरण सांगते. एका ठाकूर गावात बायांनी जून महिना निवडला आणि विषय दिला शेवळाचा. पहिल्या पावसाच्या आसपास शेवळं जमिनीतून वर येतात आणि भाजीला थोडेच दिवस मिळतात. पाच परदेशी विद्यार्थिनी दोन बायांच्या मागोमाग रानात गेल्या. पालापाचोळ्यात शेवळाचा कोंब कसा ओळखायचा, खाजरा भाग कसा काढायचा, आणि भाजीत काकडाची आंबट फळं घातली नाहीत तर घसा कसा खवखवतो, हे त्या हातानं शिकल्या. एकीनं घाईत काकडं कमी घातली आणि दुपारभर घसा धरून बसली. शिकवणारी म्हातारी तिच्याजवळ बसून राहिली, तिच्या हातात गुळाचा खडा देत.

हे रानभाज्यांचं हौशी शिबिर वाटेल, पण खरा धडा संध्याकाळी आला. त्या गावानं सामूहिक वनहक्काचा दावा केला होता. २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाला आपण पिढ्यान्‌पिढ्या कुठलं जंगल वापरतो ते दाखवावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब पुरावा म्हणून चालतात. नकाशा काढायला बसले तेव्हा पुरुषांनी नाले, खिंडी आणि देवाची ठिकाणं सांगितली. मग बायांनी सुरुवात केली: शेवळं कुठे, करटोली कुठे, कोरल कुठे, काकडाची झाडं कुठे, कुठल्या मोहाची फुलं कोणाच्या घरची. नकाशाची शीव त्यांच्या बोलण्यानं कितीतरी पुढे सरकली. सकाळी हातात धरलेली भाजी संध्याकाळी दाव्याच्या कागदावर दिसली तेव्हा त्या मुलींना "बायांचं नेतृत्व" म्हणजे काय ते कळलं. मी तासभर भाषण करून ते कळलं नसतं.

नेतृत्वावरून आणखी एक. परदेशी पाहुणे, आणि खरं तर आपणही, एक नायिका शोधतो. राहीबाई पोपेरे यांच्यासारखं उदाहरण डोळ्यांपुढे असतं. घाटाच्या पलीकडे अकोले तालुक्यातल्या या महादेव कोळी बाईनं गावरान बियाणं जपलं, त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ते रास्तच आहे. पण प्रत्येक पाड्यात राहीबाई शोधायला गेलात तर चुकीच्या बाईशी बोलून याल. गटात बोलायला पुढे येते ती बहुतेक वेळा शिकलेली, तरुण, वही लिहिणारी असते. तिचं काम मोठं आहे, पण गट तिच्यावर उभा असेलच असं नाही.

मला आठवते ती एक बैठक. पंधरा बाया गोल बसलेल्या, मध्ये तीन कुलपांची पेटी, तिच्या किल्ल्या तीन वेगवेगळ्या घरी. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी या पंचसूत्रीनं काम सुरू झालं. एकीचं कर्ज तीन महिने थकलं होतं. अध्यक्ष बोलली, सचिवानं आकडे वाचले, आवाज चढले. मागे भिंतीला टेकून एक म्हातारी वाल सोलत होती. ती पदाधिकारी नव्हती, तोपर्यंत एक शब्द बोललेली नव्हती. आवाज वाढले तसे एकेक डोळे तिच्याकडे वळले. तिनं हातातली शेंग खाली ठेवली आणि एवढंच म्हणाली, "तिचा पोर भट्टीवर आजारी हाय. दोन महिने थांबा, मंग मी बघतंय." विषय संपला. सोबत आलेल्या पाहुण्या बाईंनी मला विचारलं, ही कोण? मी सांगितलं, हिच्या शब्दावर गट टिकलाय. त्यांच्या वहीत तोवर फक्त अध्यक्षाचं नाव होतं.

म्हणून पाहुण्यांना सांगून ठेवा: बैठक चालू असताना प्रश्न विचारायचे नाहीत. नुसतं बघायचं, कोण कोणाकडे बघतंय ते. प्रश्न बैठकीनंतर.

दुभाषाबद्दल मी जरा जास्तच कडक आहे, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. एका भेटीत गटातली एक जण सांगत होती की वनजमिनीच्या दाव्यावरून दोन वर्षं आमची भांडणं झाली, दोघींनी एकमेकींच्या घरचं पाणी सोडलं, मग गट पुन्हा बसला. मी त्याचं इंग्रजी केलं ते "दोन वर्षं चर्चा करून आम्ही एकमत केलं" असं. पाहुण्यांसमोर गावाची शोभा नको, हा माझा विचार. नंतर त्या पाहुण्यांनी या बायांच्या "एकमताच्या परंपरे"वर लेख लिहिला. तो मराठीत करून मी गावात वाचून दाखवला तेव्हा ती बाई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आमचा भांडान झाला तो का नाय सांगलास? त्यातनंच त आमी शिकलो." मला उत्तर नव्हतं. ज्यांना शिकवायला ती बसली होती त्यांच्यापासून मी तिचा धडाच लपवला होता. तेव्हापासून मी सांगितलेलं जसंच्या तसं पोचवते आणि दुभाषा निवडताना पहिलं बघते की तिला ती बोली कळते का. पुण्या-ठाण्याची मराठी येणं पुरत नाही. दर वाक्यानंतर थांबायला वेळ धरा. दोन तासांच्या बोलण्यात प्रत्यक्षात एकाच तासाचं बोलणं होतं.

पैसे. तुम्ही विचारलंत मानधन द्यावं का. द्यायलाच हवं. तुमच्या कंपनीत अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घ्यायला येणाऱ्या माणसाला काय देता ते आठवा आणि आकडा तिथून सुरू करा, रोजंदारीवरून नको. रक्कम आधी ठरवा आणि गटाच्या खात्यात पावती घेऊन जमा करा. कोणाच्या हातात पाकीट देऊ नका, त्यावरून नंतर गटात जे होतं ते निस्तरायला तुम्ही तिथं नसता. आणखी एक काळजी घ्या: परदेशी व्यक्तीनं किंवा संस्थेनं दिलेली देणगी परदेशी योगदान नियमन कायद्यात येते आणि नोंदणी नसलेल्या गटाला ती घेता येत नाही. शिकवण्याची फी, जेवणाचं बिल, विकत घेतलेल्या वस्तूंची किंमत असे नेहमीच्या व्यवहाराचे पैसे वेगळे धरले जातात. तुमचे पाहुणे भारावून जाऊन जागच्या जागी "डोनेशन" काढतील तर त्यांना आवरा, आणि कंपनीच्या सीएला आधी विचारून ठेवा.

भेटवस्तूंचं म्हणाल तर काहीही नेऊ नका. एकदा एका कंपनीच्या लोकांनी परत निघताना गाडीतून जुने कपडे वाटले. कोणाला मिळाले, कोणाला नाही. सकाळी ज्या बायांनी दोन तास शिकवलं होतं त्या धुळीत गाडीमागे उभ्या होत्या. पुढची बैठक त्या भांडणातच गेली, आणि त्या गावानं नंतर दीड वर्ष कुठल्याच पाहुण्याला होकार दिला नाही. त्यांचं बरोबर होतं.

जेवण गावातच घ्या, पण शिकवणाऱ्या बायांना चुलीपाशी अडकवू नका. हे नेहमी होतं: ज्यांना ऐकायला आलात त्याच नागलीच्या भाकऱ्या थापत असतात आणि अंगणात गावातले पुरुष पाहुण्यांना माहिती देत असतात. स्वयंपाक दुसऱ्या गटाला सांगा आणि त्याचे वेगळे पैसे द्या. प्यायचं पाणी आपलं न्या, विशेषतः होळीनंतर गेलात तर. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यातच आहेत. तानसाचं धरण १८९२ चं. तरी उन्हाळ्यात इथल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघतात. पाहुण्यांना हे सांगा, त्यांच्या हॉटेलातलं पाणीही बहुधा अशाच कुठल्या तरी धरणातून आलेलं असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: सरपंचांना कळवा, पण परवानगी पाड्याच्या बैठकीत मागा. रात्री कोणाच्या घरी मुक्काम झाला तर चोवीस तासांच्या आत परदेशी पाहुण्यांची ऑनलाइन नोंद करावी लागते, जिला अजून सगळे "फॉर्म सी" म्हणतात. मुक्काम नसेल तर हा ताप नाही. संशोधन किंवा चित्रीकरण करायचं असेल तर पर्यटक व्हिसा चालत नाही. आश्रमशाळेत नेऊ नका. आणि मुलांचे फोटो, खास करून आंघोळीचे, उघड्या अंगाचे, कोणी काढत असेल तर तिथल्या तिथे थांबवायची जबाबदारी तुमची.

शेवटचा तास बायांसाठी ठेवा. त्यांना प्रश्न विचारू द्या. सुरुवातीला लाजतील, मग थांबणार नाहीत. एका भेटीत एक बाई तिचा वनपट्टा घेऊन आली, प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्या घातलेला. या कायद्यात जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे संयुक्त द्यायचा असतो. तिनं पाहुणीला आपल्या नावावर बोट ठेवून दाखवलं आणि विचारलं, "तुमच्याकडं शेत कोणाच्या नावावर?" पाहुणी शेतकऱ्याची मुलगी होती. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, वडिलांच्या, आणि पुढे भावाच्या होईल. बाईनं कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "मंग तू बोल ना घरी." मी ते जसंच्या तसं सांगितलं. त्या मुलीनं परत जाईपर्यंत आणखी तीनदा मला तो कायदा समजावून सांगायला लावला.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. पाहुण्यांना अजून काही कबूल करू नका. या महिन्यात एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळच्या कसारा लोकलनं एकट्याच आसनगावला या. बाजाराचा दिवस टाळून या, नाहीतर बाया गावात सापडणार नाहीत. मी एका गटाच्या बैठकीची वेळ विचारून ठेवते. खाली बसा, ऐका, चौदा पाहुण्यांचा विषय काढू नका. बैठक संपून पेटीला कुलपं लागली की मग विचारा. नाही म्हणाल्या तर चहा घेऊन निघू, दुसरं गाव बघू. हो म्हणाल्या तर तारीख त्या सांगतील, आणि ती नोव्हेंबरातली असेलच असं नाही.